पायाचा ठोका आणि यंत्राचा आवाज

नोकरीनिमित्त परमुलखात राहणाऱ्या माणसाच्या कानांना पुष्कळ गोष्टी सक्तीने शिकाव्या लागतात. आपल्या गावी असतो तर जे संगीत आपण खिडकी लावून बाहेर ठेवले असते, तेच येथे घरमालकाच्या माडीवरून खाली येते आणि शेजारधर्म म्हणून ऐकून घ्यावे लागते. शिलाँगला बदली होऊन मला आता चौथे वर्ष लागले आहे. लैतुमख्राह भागात ज्या घराच्या तळमजल्यावर मी राहतो, त्याचे मालक आमच्याच कचेरीतील एक खासी गृहस्थ आहेत. इकडे पुरुषाला आदराने ‘बाह’ म्हणण्याची रीत आहे. मीही त्यांना बाहच म्हणतो. त्यांचा कॉलेजात शिकणारा मुलगा एका डेथ मेटल वाद्यवृंदात ड्रम वाजवितो. सायंकाळी साडेसहा वाजले की माझ्या डोक्यावरच्या तक्तपोशीतून त्याच्या दोन पायांचे ठोके खाली उतरू लागतात. सराव रबरी गाद्यांवर चालतो. त्यामुळे आवाज असा फारसा नसतो, असतो तो केवळ थरथराट. पहिले वर्षभर मला तो उपद्रव वाटला. पुढे, विद्यार्थिदशेत चार वर्षे तबल्यावर हात घासलेला असल्यामुळे असेल, मी ते ठोके मोजू लागलो. ते वेळेला अगदी नेमके असत. मात्र एकाआड एक ठोका किंचित् हलका पडे. हा डावा पाय असणार, हे कोणालाही ओळखता आले असते.

गेल्या वर्षी येथील एका सभागृहात तरुण वाद्यवृंदांची चढाओढ झाली. बाहंच्या आग्रहावरून मी गेलो आणि दुसऱ्या रांगेत बसलो. मुलाचे वादन सुरू झाले तेव्हा मी चकितच झालो. तक्तपोशीतून ऐकलेला तो लंगडा थरथराट येथे नव्हताच. दोन्ही पायांचे ठोके एकाच मापाचे, एकाच धारेचे, लोखंडी साखळी दगडावरून ओढावी तसे येत होते. दुसऱ्या गीताच्या मध्यावर कोणाच्या तरी पायात अडकून एक वायर निसटली आणि तो आवाज एकदम नाहीसा झाला. गिटारींच्या गदारोळाखालून, पहिल्या दोनचार रांगांनाच ऐकू जाईल इतका क्षीण असा माझ्या ओळखीचा ठोका तेवढा उरला. सभागृहात हशा झाला. परीक्षकांपैकी एकाने तो पुरावाच मानला आणि गुण कापले. दुसऱ्याचे म्हणणे असे की, वायर निसटली हा अपघात, त्यात वादकाचा दोष काय? घरी परतताना बाहंनी मला विचारले, “तुम्ही वाद्य शिकलेले आहात. सांगा, माझा मुलगा लबाडी करतो काय?” त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. ते देण्याचा हा प्रयत्न आहे.

ज्या वायरीमुळे हे रामायण घडले ती ‘ट्रिगर’ नामक उपकरणाची होती. बेस ड्रमच्या कडीला किंवा कातडीला टेकून एक छोटी चकती बसविलेली असते. काही पदार्थांवर दाब पडला की त्यांत विद्युद्दाब निर्माण होतो, हा शोध प्येर आणि झाक क्युरी या बंधूंनी १८८० साली लावला; त्याच तत्त्वावर ही चकती चालते. पेडलची हातोडी कातडीवर पडली की चकतीतून विजेचा एक ठिपका निघतो, तो वायरीने एका पेटीत जातो आणि पेटीत आधीच मुद्रित करून ठेवलेला बेस ड्रमचा एक उत्तम ठोका ध्वनिवर्धकातून बाहेर पडतो. कातडीवर पडलेल्या घाताचा जोर मोजून त्यानुसार आवाज लहानमोठा करण्याची सोयही पेटीत असते. परंतु जलद वादन करणारे बहुतेक जण ती बंद ठेवतात किंवा इतकी आवळून ठेवतात की, हलका काय आणि भारी काय, प्रत्येक घात एकाच आवाजात उमटावा.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हे यंत्र वादकाच्या वतीने वाजवीत नाही. पाय पडला नाही तर आवाज नाही. पाय उशिरा पडला तर आवाजही उशिराच. घात ठरावीक मर्यादेहून दुबळा असेल तर पेटी तो मुळीच जमेस धरत नाही. उलट कातडीची उरलेली कंपने हा नवा घात समजून ती एका ठोक्याचे दोन करण्याचा संभव असतो, म्हणून प्रत्येक ठोक्यानंतर काही क्षण तिचे कान बंद ठेवावे लागतात. ते फार वेळ बंद राहिले तर पुढचा खरा ठोका गिळला जातो. या दोन टोकांमध्ये पेटी नेमकी लावणे हे एक स्वतंत्र कसब आहे. आणखी एक गोष्ट अशी की, सर्व ठोके सारख्याच आवाजात आल्यामुळे त्यांच्यामधले अंतर विलक्षण उघडे पडते. नैसर्गिक ढोलाच्या घुमाऱ्यात जी चूक झाकली गेली असती ती येथे चव्हाट्यावर येते. तेव्हा ट्रिगरने कच्चा वादक पक्का होतो, हे म्हणणे निराधार आहे.

मग ही यातायात कशासाठी? याचे उत्तर ध्वनीच्या स्वभावात आहे, आणि आपल्या वाचकांना ते ढोल-ताशाच्या पथकावरून चटकन उमगेल. पुण्याच्या मिरवणुकीत ढोल किती सावकाश बोलतो आणि ताशा किती भरभर, हे आपण सर्वांनी ऐकले आहे. ढोलाने ताशाचे बोल वाजवावेत अशी अपेक्षा कोणी करीत नाही, कारण खर्जाच्या आवाजाला उमटायलाच वेळ लागतो. बावीस इंची बेस ड्रमचा मूळ नाद सेकंदाला पन्नास-साठ कंपनांच्या आसपास असतो. म्हणजे एका कंपनाला सुमारे सतरा ते वीस सहस्रांश सेकंद लागतात. आता मिनिटाला २४० मात्रांची लय आणि प्रत्येक मात्रेत चार ठोके धरले, तर सेकंदाला सोळा ठोके होतात आणि दोन ठोक्यांमध्ये साडेबासष्ट सहस्रांश सेकंद राहतात. एवढ्या अवकाशात तो नाद जेमतेम तीनचार हेलकावे घेतो, तोच पुढचा ठोका त्याच्या पाठीवर येऊन पडतो. ऐकणाऱ्याला ठोके ऐकू येत नाहीत. येते ती एक सलग घरघर. येथील पत्र्याच्या छपरावर पाऊस पडू लागला की प्रथम थेंब वेगळे ऐकू येतात आणि मग त्यांचा एकच आवाज होतो, तसे. सेकंदाला वीस आघातांच्या आसपास कान आघात मोजणे सोडून त्यांचा स्वर ऐकू लागतो. डेथ मेटलचे वादक या सीमेच्या अगदी उंबरठ्यावर उभे राहून काम करतात. ढोलाने ढोल राहून ताशासारखे बोलावे, असा त्यांचा हट्ट आहे.

त्यात पायाची अडचण वेगळीच. सेकंदाला सोळा ठोके म्हणजे एका पायाला आठ. इतक्या वेगात मांडी उचलून जोराने घाव घालणे अशक्य. केवळ घोट्याने, किंवा टाच डावीउजवीकडे फिरवीत, लहानसा घाव घालता येतो. वेग वाढतो तसतसे वजन घटते. तबल्यावर रेला वाजविणाऱ्यालाही हा नियम चुकत नाही. परंतु तबल्याला तीन ध्वनिवर्धित गिटारींशी झुंजावे लागत नाही.

दोन बेस ड्रम ठेवण्याची कल्पना मुळात जॅझमधली. लुई बेल्सन या अमेरिकन वादकाने १९३९ च्या सुमारास, शाळकरी वयात, तसा आराखडा काढला होता, आणि पुढे ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात तो दोन ड्रम घेऊन बसला. १९६० नंतरच्या दशकात जिंजर बेकर आणि कीथ मून यांनी तो थाट रॉकमध्ये आणला. १९७९ साली मोटरहेडच्या ‘ओव्हरकिल’मध्ये फिल टेलरच्या दोन पायांची अखंड धाव हाच गीताचा आरंभ झाला. तोपर्यंत वेग माफक होता आणि यंत्राची गरज भासत नव्हती. ठोक्याला धार यावी म्हणून हातोडीचे डोके नमद्याऐवजी लाकडाचे किंवा प्लास्टिकचे करणे, हातोडी पडते तेथे कातडीवर नाणे चिकटविणे, असे घरगुती उपाय मात्र चालू झाले. ट्रिगर हा याच धडपडीतला पुढचा टप्पा आहे. तो आकाशातून पडलेला नाही.

स्लेअरची १९८६ सालची ‘रेन इन ब्लड’ ही ध्वनिमुद्रिका या दृष्टीने मुद्दाम ऐकण्याजोगी आहे. सारी मुद्रिका अर्ध्या तासाच्या आत संपते. गीतांच्या शब्दांत मला काडीचाही रस नाही, हे येथेच सांगून टाकतो. पण पहिल्या गीताच्या शेवटाकडे सर्व वाद्ये एकदम थांबतात आणि क्षणभर डेव्ह लोंबार्डोचे दोन पायच तेवढे ऐकू येतात. त्या क्षणात ठोके सर्वस्वी एकसारखे नाहीत. त्यांत लहानसे उठणे आहे, पुढे झुकणे आहे, धावणाऱ्या माणसाचा दम लागतो तसे काहीतरी आहे. वेग आजच्या मानाने विशेष नाही. तरीही तो क्षण भीती उत्पन्न करतो, कारण हे कोणीतरी करीत आहे आणि ते हातून निसटूही शकेल, ही जाणीव श्रोत्याला होते.

यानंतर फ्लॉरिडातील टँपा शहरातून डेथ मेटलची जी लाट उठली तिच्यात वेग एकदम चढला. मॉर्बिड एंजलचा पीट सँडोव्हाल हा ट्रिगर वापरून अतिजलद पाय वाजविणाऱ्यांमधला एक अग्रणी. १९८९ सालच्या ‘ऑल्टर्स ऑफ मॅडनेस’पासून त्याची वाटचाल ऐकत गेले की, पायाचा आवाज अधिकाधिक टणक व कोरडा होत गेल्याचे ध्यानात येते. त्याच्या वादनाला मी नावे ठेवणार नाही; पण त्याचे अनुकरण करणाऱ्या असंख्य वाद्यवृंदांनी तो कोरडेपणाच तेवढा उचलला. आपल्याकडेही, मुंबईच्या ‘डेमोनिक रिझरेक्शन’ आणि ‘भयानक मौत’ यांच्यासारख्या वाद्यवृंदांनी या पंथाला श्रोता मिळवून दिला, तो असल्याच मुद्रिकांवर कान तयार झालेला श्रोता होता.

यंत्राचा आवाज हाच ज्या कृतीचा आत्मा आहे अशी एक मुद्रिका मात्र वेगळी काढली पाहिजे. लॉस एंजेलिसच्या फिअर फॅक्टरीची ‘डीमॅन्युफॅक्चर’ १९९५ साली निघाली. माणूस आणि यंत्र यांचा संघर्ष हा तिचा विषय. एका गीताचे नावच ‘टर्मिनेटर’ चित्रपटातील खुनी यंत्रांवरून घेतलेले आहे. तीत रेमंड हेरेराच्या पायांचा ठोका आणि डिनो कसारेसच्या गिटारीचा दाबलेला झणका हे एकमेकांत असे बसविले आहेत की दोन वाद्ये वाजत आहेत असे वाटतच नाही. एखाद्या कारखान्यातील दाबयंत्र उघडझाप करीत असावे असा भास होतो. येथे ठोक्याला वजनाचा चढउतार नाही, आणि नसणे हेच अर्थपूर्ण आहे. गाणारा बर्टन बेल जेव्हा ओरडणे सोडून लांब स्वरात गाऊ लागतो, तेव्हा खाली ते यंत्र तसेच निर्विकारपणे चाललेले असते. आणि माणूस कोठे आहे हा प्रश्न श्रोत्याच्या मनात आपोआप उभा राहतो. ट्रिगरचा याहून समर्पक उपयोग माझ्या ऐकण्यात नाही. जे साधन आशयाशी एकजीव झाले त्याला लबाडी कसे म्हणणार?

परंतु या गोष्टीचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. त्याच वाद्यवृंदाच्या २०१२ सालच्या ‘द इंडस्ट्रियलिस्ट’ या मुद्रिकेत ड्रम कोणी वाजविलेच नाहीत. ते संगणकावर रचलेले आहेत. स्वीडनच्या मेशुगानेही २००५ साली ‘कॅच थर्टीथ्री’ अशाच रीतीने केली, आणि त्यात गंमत अशी की, संगणकाने वापरलेले ठोके त्यांच्याच वादकाचे, टोमास हाकेचे, मुद्रित केलेले होते. हाके हा असाधारण वादक; मुद्रिकेत त्याचा प्रत्येक ठोका आहे, पण तो स्वतः वाजवीत नाही. विचारी श्रोता येथे थबकतो. प्रत्येक ठोका सारखाच ऐकू यावा अशी सवय कानांना एकदा लागली की, तो पायाने पडला की टंकलेखनाने, हे सांगता येणे हळूहळू बंद होते. आठ वर्षे रोज दोन तास घासलेला पाय आणि आठ मिनिटांत टंकलेली ओळ यांचा आवाज एकच. ट्रिगरवर खरा आक्षेप असेल तर तो हा. ट्रिगर श्रोत्याला फसवितो असे नव्हे. तो वादकाचीच साक्ष पुसून टाकतो.

परीक्षकमहाशयांचा आक्षेप याहून निराळा, आणि माझ्या मते चुकीच्या ठिकाणी रोखलेला होता. ‘नैसर्गिक आवाज’ म्हणून ते ज्याची महती गातात तो बेस ड्रम तरी कितपत नैसर्गिक असतो? त्याच्या पोटात उशी कोंबतात, समोरच्या कातडीला भोक पाडून आत ध्वनिग्राहक ठेवतात, मधल्या पट्टीतले स्वर कापतात आणि वरची टकटक फुगवितात. हे सारे चालते आणि चकती तेवढी चालत नाही, यात तत्त्व कमी आणि सवय अधिक आहे. लबाडी हा शब्द वापरायचाच तर तो मुद्रणालयातील दुसऱ्या एका प्रकाराला लावावा. मुद्रित झालेले ठोके संगणकाच्या पडद्यावर घेऊन, पुढेमागे पडलेला प्रत्येक ठोका सरकवून रेघेवर आणून बसविण्याची विद्या आता घरोघर पोचली आहे. तेथे ठोक्याची वेळही वादकाची राहत नाही. ट्रिगरमध्ये वेळ वादकाची आणि वजन यंत्राचे. त्या दुसऱ्या प्रकारात दोन्ही यंत्राचेच. पहिल्याला गुण कापायचे आणि दुसऱ्याची मुद्रिका कौतुकाने घरी न्यायची, हा न्याय मला समजत नाही.

वजन गेले म्हणून काय मोठेसे गेले, असेही कोणी विचारील. आपल्या तालशास्त्राकडे पाहिले तर उत्तर मिळते. त्रितालाच्या तिसऱ्या विभागात डग्गा मिटतो आणि तेवढ्यावरून ऐकणाऱ्याला खाली कळते; सम कोठे येणार याचा अंदाज बांधता येतो. म्हणजे खर्जाचे असणे-नसणे, त्याचे भरणे-ओसरणे, हा केवळ अलंकार नसून तालाचे व्याकरण आहे. डेथ मेटलला आमचे व्याकरण लावावे असे मी म्हणत नाही. परक्या कलेला घरचा गज लावणे ही टीकाकाराची जुनी खोड आहे. तथापि कोणत्याही संगीतात काहीतरी भरी आणि काहीतरी खाली असावी लागते. ग्रीक वादक जॉर्ज कोलियास याने २००५ साली नाइल या वाद्यवृंदाच्या ‘अॅनायहिलेशन ऑफ द विकेड’मध्ये जे पाय वाजविले आहेत त्यांचा वेग थक्क करणारा आहे, आणि तेथे पायांत नसलेला चढउतार त्याने हातांत, झांजांत आणि विरामांत आणून भरलेला आहे. म्हणून ते वादन ऐकवते. जेथे हातही पायांसारखेच सपाट असतात तेथे दुसऱ्या मिनिटाला कान विटतात, मग वेग २४० असो की २८०.

यंत्र आले की कला बुडाली, अशी ओरड आमच्याकडेही झालेली आहे. हार्मोनियमला आकाशवाणीने १९४० साली दार बंद केले आणि ते १९७१ साली किलकिले केले. पेटीला मींड निघत नाही हा आक्षेप खरा होता आणि आजही आहे. पण चांगल्या पेटीवादकांनी ती उणीव ओळखून वाजविले, लपवून नव्हे. ट्रिगरलाही मी हीच एक अट घालीन.

हे सारे मनाशी जुळवून एका रविवारी मी माडीवर गेलो. मुलाने ती पेटी मला दाखविली. जोर मोजण्याची सोय तीत होती आणि अपेक्षेप्रमाणे त्याने ती बंद ठेवली होती. मी कारण विचारले. तो थोडा लाजला आणि म्हणाला, “अंकल, ती चालू ठेवली तर शेवटच्या रांगेपर्यंत डावा पाय पोचत नाही.” जलद गीतांत ती बंदच असू दे, असे मी म्हणालो; त्या वेगात वजनाची अपेक्षा करणे पायावर अन्याय आहे. पण त्यांच्या वाद्यवृंदाचे एक संथ गीत आहे, त्यात मिनिटाला नव्वदच मात्रा पडतात. ते सोय चालू ठेवून वाजवून पाहा म्हटल्यावर त्याने वाजविले. डावा पाय हलका ऐकू आला. त्याने एकदा माझ्याकडे आणि एकदा पायाकडे पाहिले.

बाहंना मी सांगितले की लबाडी नाही. त्यांनी समाधानाने मान हलविली आणि पुढचे ऐकून घेतले नाही. मुलगा मात्र हल्ली निराळे काहीतरी करतो आहे. साडेसहा वाजले की तक्तपोशीतून पहिली वीस मिनिटे एकच ठोका येतो, सावकाश, एका बाजूचा. उजवा पाय त्यानंतर चालू होतो.